मोकळ्या फाईलमधले चौसष्ट ठोके

खोटं वाटलं तर वाटू दे. मी कुणाच्या पाया पडणार नाही विश्वास ठेवा म्हणून.

ज्या दोघांनी हे डोळ्यांनी पाहिलं, त्यातली एक माझी सख्खी मावशी. दुसरा तिच्या ऑफिसातला प्रोग्रामवाला. भुताचं नाव काढलं की हा गडी पोट धरून हसायचा. आता हसत नाही.

आणि आधीच सांगते, यात रात्र नाही, पडका बंगला नाही. मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. चौथ्या मजल्यावरचं ऑफिस, दिवे लख्ख, शेजारच्या टेबलावर कुणीतरी बिस्किटं खात बसलेलं.

तरीही जे झालं ते झालं.

मावशीचं काम ऐकलंत तर हसाल. कानाला हेडफोन लावायचा, गाणं ऐकायचं आणि तालावर एका बटणावर बोट मारायचं. दिवसभर. अकरा वर्षं तिने हेच केलं. माझी आई म्हणायची, "हिला रिकामटेकडेपणाचा पगार मिळतो."

पण काम सोपं नव्हतं. गाणं लागलं की आपला पाय आपोआप हलतो. कॉम्प्युटरला पाय नाही. त्याला ताल शिकवावा लागतो. प्रोग्रामवाल्याने मला कागदावर काढून दाखवलं होतं. कॉम्प्युटर गाणं ऐकतच नाही म्हणे. आवाज कुठे एकदम वाढला, तेवढं बघतो. ढोल पडला, वाढला. तार छेडली, वाढला. अशा प्रत्येक जागी तो लाल टिंब देतो. मग सगळ्या वाद्यांची मिळून सारख्या अंतराची एक पट्टी लावून बघतो. आखूड पट्टी, लांब पट्टी. जी जास्तीत जास्त टिंबांना शिवते तिच्या निळ्या रेघा मारतो. निळी रेघ म्हणजे ताल. लाल टिंब म्हणजे प्रत्यक्ष पडलेला ठोका.

बरोबर पट्टी कुठली, हे त्याला कळणार कसं? त्यासाठी मावशीसारखी माणसं. एका गाण्यावर तीन जण वेगवेगळे बसून बोट मारायचे. तिघांचं जुळलं की ते खरं. मग कॉम्प्युटरची खूण चुकली असेल तिथे मावशीने 'चूक' असं बटण दाबायचं. दाबलं की प्रोग्राम शिकायचा आणि पुढचं सगळं नव्याने मोजायचा.

मावशीचा कान असा, की तिचं बोट कधी चुकायचं नाही. हा कान तिला दिला काकांनी.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, ड्रम वाजवायचे. गाण्यांच्या रेकॉर्डिंगला. त्यांना सगळे 'निवांत' म्हणायचे. निवांतला बोलवा, निवांत आला का. कारण त्यांचा प्रत्येक ठोका किंचित मागे पडायचा. चुकून नाही हां! मुद्दाम. बाकीची वाद्यं पुढे जायची आणि काका मागून सावकाश यायचे, आणि गाण्याला कशी ऐसपैस जागा मिळायची. गाणारे म्हणायचे, निवांत मागे असला की दम लागत नाही.

घरी सराव करताना मावशी टेबलावर बोटाने ताल धरायची आणि काका उशीवर काठ्या मारायचे. "तू सरळ पुढे चाल," ते म्हणायचे, "मी मागून येतो."

एरवीही त्या माणसाचा हात स्वस्थ नसायचा. ताटावर वाजव, दारावर वाजव, चालता चालता मावशीच्या खांद्यावर वाजव. मी लहान असताना माझ्या डोक्यावरसुद्धा वाजवलंय त्यांनी.

मग एक दिवस मावशीच्या टेबलावर एक गाणं आलं.

एका स्टुडिओने पाठवलेलं. त्यांना हा प्रोग्राम घ्यायचा होता, म्हणून नमुना तपासून मागितला होता. कोण वाजवतंय ते लिहिलेलं नसायचं. मावशीने तीन सेकंदांत ओळखलं.

तिने बोट मारलं ते काकांच्या ठोक्यावर. कुठे मारणार दुसरीकडे? तिच्या लेखी ताल तिथेच होता.

बाकीच्या दोघांनी मारलं थोडं आधी.

मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. ऑफिसच्या मुख्य त्या. "काय हो, कान थकला की काय तुमचा? तिघांत तुमचंच उशिरा पडतंय. असं चाललं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

मावशी घाबरली. पुन्हा बसली. या वेळी काकांच्या ठोक्याच्या आधी बोट मारलं. तिघांचं जुळलं. कॉम्प्युटरने हिशोब दिला: सेकंदाचे हजार भाग केले, तर हा ड्रमवाला दर वेळी एक्केचाळीस भाग उशिरा. पंचवीसपर्यंत माफ होतं. चारशे बारा ठोके, सगळे मापाबाहेर.

मापाबाहेरच्या ठोक्यावरही तेच बटण दाबायचं असायचं. मावशीने चारशे बारा वेळा 'चूक' दाबलं.

तिला वाटलं, काय बिघडतंय? मशीन ठोके ओढून सरळ करेल, झालं. पण स्टुडिओचा मालक म्हणाला, सगळे ठोके मशीनच सरळ करणार असेल, तर मुळात माणूस हवा कशाला? पुढच्या आठवड्यात काकांना सांगितलं, तुम्ही यायची गरज नाही. वर तो कागदही हातात दिला. चारशे बारा चुकांचा.

कागदाच्या खाली छापलं होतं, तपासणी क्रमांक सात.

सात नंबर मावशीचा. तिच्या ओळखपत्रावर होता, आणि ते ओळखपत्र रोज संध्याकाळी दाराजवळच्या खिळ्याला लटकायचं. काकांच्या डोळ्यांसमोर.

काका चिडले नाहीत, भांडले नाहीत. जेवायला वाढ म्हणाले, जेवले.

फक्त... ताट वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं नाही. खांद्यावर हात पडला नाही. आठ महिने त्या घरात एकदाही काही वाजलं नाही. मावशी रोज ठरवायची, आज सांगते, आज माफी मागते. आज म्हणता म्हणता आठ महिने गेले आणि एका सकाळी काका उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले झोपेतच गेले.

मी मावशीला तेव्हाही बोलले होते आणि आताही बोलते. दोन शब्दांचं काम होतं गं. जीभ झडली असती का?

असो. मुद्द्यावर येते.

काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं. प्रोग्रामची नवी आवृत्ती तयार होती, संध्याकाळी सहापर्यंत पाठवायची होती. पाठवण्याआधी एक शेवटची चाचणी असायची. मोकळी फाईल.

ऑफिसात एक छोटी खोली होती, भिंतींना जाड स्पंज लावलेली. आत काडी पडली तरी ऐकू यावी अशी शांत. मायक्रोफोन चालू करायचा, बाहेर यायचं, दार लावायचं. एक मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा. म्हणजे शांतताच. ती प्रोग्रामला द्यायची आणि पान कोरं आलं पाहिजे. ताल नाही तिथे ताल दाखवणारा प्रोग्राम काय कामाचा?

त्या दिवशी पाळी मावशीची होती. तिने मिनिटभर आवाज घेतला. फाईल दिली.

पानावर खुणा आल्या.

चौसष्ट. सारख्या अंतराने, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पंख्याचं कायतरी असेल," प्रोग्रामवाला म्हणाला. पंखे बंद केले. पुन्हा एक मिनिट.

चौसष्ट.

"लिफ्ट असेल." लिफ्ट थांबवायला लावली. चौथ्या मजल्यावरचे लोक जिन्याने चढत शिव्या देत होते. पुन्हा घेतलं.

चौसष्टच.

त्याने आवाज शंभर पट वाढवून हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. काही नाही. मग मावशीला दिला. "ताई, तुमचा कान बारीक. बघा बरं."

मावशीने डोळे मिटले.

काही नव्हतं... काही नव्हतं...

मग कुणीतरी नाकाने श्वास आत घेतला.

छोटासा. वाजवायला सुरुवात करण्याआधी घेतात तसा. आणि स्टूल करकरलं.

मावशीने हेडफोन ओढून काढला. त्या खोलीत स्टूल नव्हतं. बसायला काहीच नव्हतं.

"ऐकलंत काही?"

"नाही," मावशी म्हणाली. आठ महिने गप्प बसलेली बाई, तिला खोटं बोलणं काय जड?

प्रोग्रामवाला पडद्याला नाक लावून बसला होता. त्याने ते पान मोठं केलं. प्रत्येक निळ्या रेघेच्या उजवीकडे एकेक लाल टिंब होतं.

"ताई, हे अशक्य आहे," तो म्हणाला.

"का?"

"ठोके सगळे सारखेच उशिरा असतील, आणि दुसरं काहीच वाजत नसेल, तर पट्टी त्यांच्यावरच बसायला हवी ना? मागे पडायला पुढे कोणीतरी लागतं. हा माणूस उशिरा आहे, पण कुणाच्या? या निळ्या रेघा आल्या कुठून?"

तो 'माणूस' म्हणाला. त्याच्याही लक्षात आलं नाही.

मावशीला माहीत होतं पुढे कोण. 'तू सरळ पुढे चाल, मी मागून येतो.' तिने विचारलं, "किती उशिरा?"

त्याने आकडा लावला.

एक्केचाळीस.

पहिला एक्केचाळीस. दुसरा एक्केचाळीस. चौसष्टच्या चौसष्ट.

बघा, तुम्हाला-मला वाटेल नवरा आला, बरं वाटलं असेल. छे! तिला वाटलं, आले. आठ महिने गिळलेलं सगळं घेऊन, जाब विचारायला आले.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. "अजून इथेच? साडेचार वाजले."

प्रोग्रामवाल्याने सांगायचा प्रयत्न केला. बाईंनी हात झटकला. "मोकळ्या फाईलमध्ये खुणा म्हणजे सगळ्या चुका. त्यात विचार कसला करायचा? सगळ्यांवर 'चूक' मारा, शिकेल तो. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, तीन नंबरला बसवते."

प्रोग्रामवाला मावशीकडे बघून म्हणाला, "ताई, राहू द्या. मी बघतो काय करायचं. एवढी फाईल बाजूला ठेवू."

तो भला माणूस. त्याने वाट करून दिली होती. उठून गेली असती तर कुणी तिला फाशी देणार नव्हतं.

पण मावशीला त्या खुणा डोळ्यांसमोर नको होत्या. आत्ता, या क्षणी जायला हव्या होत्या. ती खुर्ची ओढून बसली.

पहिल्या टिंबावर 'चूक'.

टिंब गेलं.

दुसरं. तिसरं. चौथं. बोट आपलं काम करत होतं. अकरा वर्षांची सवय. दहा झाले. पंधरा झाले. प्रत्येक वेळी प्रोग्राम पुढची खूण पुन्हा मोजायचा आणि पडद्याच्या तळाशी आकडा उमटायचा. एक्केचाळीस. एक्केचाळीस.

विसाव्या टिंबावर आला चाळीस.

मावशीने तिकडे लक्ष दिलं नाही. दाबलं.

एकोणचाळीस.

सदतीस.

"शिकतोय," प्रोग्रामवाला मागून पुटपुटला. मग थांबला. "पण हे असं नाही शिकत... खुणा नाहीशा व्हायला हव्यात. या का सरकतायत?"

तेहतीस.

लाल टिंबं डावीकडे येत होती. निळ्या रेघेकडे. एक दाबलं की पुढचं थोडं आणखी जवळ.

अठ्ठावीस.

चोवीस. स्टुडिओत एवढं चाललं असतं. एवढ्यावर माणसाची नोकरी राहिली असती.

ऑफिसातला आवाज कधी बंद झाला, मावशीला कळलं नाही. बिस्किटांचा कागद नाही, बोलणं नाही, रस्ता नाही. फक्त तिच्या बोटाखालचं बटण. टक. टक. टक. तिचं बोट तालात पडलं होतं. दर निळ्या रेघेगणिक एकदा. अगदी सरळ.

अठरा.

बारा.

आणि तिला समजलं.

ते जाब विचारायला आलेच नव्हते. ज्या माणसाने सबंध आयुष्य एकच गोष्ट स्वतःची म्हणून सांभाळली, ज्याला कुणी सांगितलं असतं 'जरा लवकर मार' तर काठ्या टाकून निघून गेला असता, तो माणूस प्रत्येक 'चूक'नंतर स्वतःला पुढे ढकलत होता. तिच्यासाठी. तिचं बोट थांबावं म्हणून.

नऊ.

मावशीच्या डोळ्यांना धार लागली. थांबायचं, ती मनात म्हणत होती, थांबायचं आता.

सहा.

शेवटचा ठेवायचा. एक तरी ठेवायचा.

तीन.

एक.

शेवटचं टिंब. चौसष्टावं.

ते रेघेवर होतं. आधी नाही, नंतर नाही. आकडा शून्य. काका जन्मात पहिल्यांदा वेळेवर आले होते.

मावशीने ते पाहिलं...

आणि तिच्या बोटाने 'चूक' दाबलं.

तालात होतं ते. थांबवायला तिला एका ठोक्याची तरी उसंत हवी होती. काकांच्या त्या एका गाण्याखेरीज अकरा वर्षं तिचं बोट एकदाही उशिरा पडलं नव्हतं, तेव्हाही पडलं नाही.

पान कोरं झालं.

मावशी किंचाळली. अख्खं ऑफिस उठून उभं राहिलं. "परत आणा! परत आणा ते!" ती प्रोग्रामवाल्याच्या शर्टाला धरून ओढत होती. त्याने जे जे करता येईल ते सगळं केलं. एक पायरी मागे, दहा पायऱ्या मागे, जुनी आवृत्ती. तीच फाईल पुन्हा दिली. कोरी. आधी घेतलेल्या दोन्ही फाईली दिल्या. कोऱ्या. आदल्या खुणांची एकही नोंद कुठे नव्हती.

सहा वाजता प्रोग्राम वेळेवर गेला. बाई खूश.

मी त्या प्रोग्रामवाल्याला दोनदा भेटले. खोदून खोदून विचारलं. तो म्हणतो, नवी आवृत्ती कच्ची होती, काहीही झालं असेल. मी म्हटलं, मग एक्केचाळीसच का? तर म्हणतो, योगायोग. मग निळ्या रेघा कुठून आल्या? यावर तो चहाचा कप फिरवत बसला. निघताना मात्र हळूच म्हणाला, "ताईंना सांगा, मी खोटं बोलायला हवं होतं. फाईल खराब झाली म्हणून पुसून टाकायला हवी होती."

मावशीने नोकरी सोडली. घरी एक जुना कॉम्प्युटर आहे, त्याला छोटा मायक्रोफोन लावलाय. रोज दुपारी सव्वातीनला ती पंखा बंद करते, खोलीबाहेर जाते, दार ओढून घेते. एक मिनिट. मग आत येऊन पान बघते.

दोन वर्षं झाली. पान कोरंच येतं.

मागच्या रविवारी मी तिच्याबरोबर त्या दाराबाहेर उभी होते. ते एक मिनिट फार लांब असतं हो. मला नको नको ते ऐकू यायला लागलं, म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मावशी, काकांना तुला काय सांगायचं असेल गं?"

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दाराच्या कडीवर हात ठेवून उभी होती.

"ह्यांना काही सांगायचं नव्हतं," ती म्हणाली. "ते विचारत होते. आता चालेल का, म्हणून चौसष्ट वेळा विचारलं. आणि चौसष्ट वेळा मी नाही म्हटलं."

मग मिनिट झालं, आणि तिने दार उघडलं.